निसीमचं कोकरू

आमच्या गाडीवर तीस वर्षं ‘कोकराचं शवार्मा’ अशी पाटी आहे आणि तीस वर्षं सळईवर टर्की, ती मोठ्या कोंबडीसारखी, फिरतेय. वर कोकराच्या चरबीचा गोळा खोचायचा, तो वितळत खाली उतरतो, झालं कोकरू! इस्रायलमधल्या आमच्या ओफाकीममध्ये सगळे असंच करतात. या गावात सकाळी पावात टर्की, दुपारी पोरांच्या ताटात टर्कीचे तळलेले काप, संध्याकाळी रश्शात टर्कीचे गोळे. पण विचारून बघा कुणालाही, टर्की कोण खातं? कुणीच नाही!

योम किप्पूरच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या पापक्षालनाच्या, उपासाला चार दिवस राहिले आणि माझ्या नवऱ्याला, निसीमला, अचानक पापभीरूपणाची उबळ आली.

“पेर्ला, देवापुढे उभं राहायचं आणि एवढं खोटं पोटात ठेवायचं? मी गिऱ्हाइकांची माफी मागणार.”

“माग की. धंदाही बुडव एकदाचा!”

त्याने खरंच मागितली. बाकीच्या गिऱ्हाइकांनी हसण्यावारी नेलं. “निसीम, आम्ही काय कुकुली बाळं आहोत?” अडला तो एकटा हिज्किया. हा म्हातारा रोज बाराला येणार, कुर्दिस्तानच्या डोंगरात आमची चारशे मेंढरं होती म्हणून सांगणार आणि प्रत्येक घासाला मान डोलावणार.

“टर्की? मला शिकवतोस?” तो कडाडला. “माझ्या जिभेचा अपमान केलास. माफी नाही!”

आमच्यात तीनदा माफी मागायची असते. तिसऱ्यांदाही नाकारली, तर पाप मागणाऱ्याचं सुटतं आणि नाकारणाऱ्याच्या मानगुटीवर बसतं. निसीमची झोप उडाली. “त्या बिचाऱ्यावर माझं पाप? तेही टर्कीचं?”

म्हणून दुसऱ्या दिवशी या शहाण्याने सळईवर खरं कोकरू चढवलं. म्हणे फरक कळला की तो आपोआप माफ करेल. मी कपाळाला हात लावला. बारा वाजेपर्यंत रांगेत बोंबाबोंब. “वास मारतोय!” “आपलं नेहमीचं कोकरू कुठंय?” एक बाई तर पाव परत आपटून गेली.

हिज्कियाने एक घास चावला, थांबला आणि कागदात थुंकला.

“ही टर्की आहे!” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. “लाज वाटत नाही?”

निसीमने हात जोडले. “माफ कर.”

“मुळीच नाही!”

उपास लागायच्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. पांढरा सदरा घालून तो पायरीवर बसला होता. निसीमने तिसऱ्यांदा माफी मागितली. 

हिज्कियाने त्याला पायरीवर शेजारी बसवलं. मग हळूच म्हणाला, “त्या दिवशीचं खरं होतं ना रे?”

“हो.”

“मला नाही आवडलं.” त्याने सदऱ्याची बाही खाली ओढली. “चारशे मेंढरं होती, पण दुसऱ्याची. बाप राखायचा. त्याने आयुष्यात कोकराचा एक घास खाल्ला नाही, मीही नाही. तुझ्या गाडीवर पहिल्यांदा खाल्लं, तेव्हा त्याच्या वाटचंही खाल्लं. तीस वर्षं खातोय. आता तुला माफ केलं, तर ते टर्की होतं असं होईल.”

“अरे पण पाप...”

“पाप राहू दे माझ्याकडे. कोकरूही राहू दे.”

येताना निसीम रस्ताभर रडला. माफी मिळाली नाही म्हणून की पाप सुटलं म्हणून, मी विचारलं नाही.

उपास सुटल्यावर दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला हिज्किया हजर. निसीम सुरी हातात धरून नुसता उभा. शेवटी मीच पाव उघडला.

“कोकरूच ना, हिज्किया?”

“मग दुसरं काय?” तो म्हणाला. “चरबी जरा जास्त घाल.”