औषधाचे डोहाळे

"आई, मी पोटात असताना तू कापसात झेंडा धरायचीस ना?"

शाळेच्या बसमधल्या मैत्रिणींनी पैज लावली होती की विनीताला हे घरी विचारायची हिंमत व्हायची नाही. आन ही म्हणजे पंधरा वर्षांची वावटळ. सोमवारीच तिनं शाळेतलं स्टूल खिडकीवर भिरकावलं होतं, म्हणून शाळेनं आठवडाभर घरी बसवलं होतं. का भिरकावलं, ते तिलाही सांगता येईना. हात आधी उठला, राग मागनं आला.

मिरच्या तोडता तोडता आईचा, सुमित्राचा, हात थांबला.

सातासमुद्रापार, प्लेनो शहरापासून तासभर गाडी हाकली की ही काळी जमीन लागते. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात बुटाला शेरशेर चिकटते. ती काळी बघूनच विनीताचा बाप, कराडकडचा राजाराम, इथं गोऱ्याच्या रानात मुकादम म्हणून रमला. तेव्हा फवारणीच्या विमानाला ओळ दिसावी म्हणून रानाच्या टोकाला झेंडा धरून माणूस उभं करत. सुमित्रा उभी राहायची. विमान डोक्यावरनं गेलं की पावलं मोजून सरकायचं, पुन्हा झेंडा वर. अंगावर भुरभुर पडायची. पदर नाकाला लावला की झालं.

अशा बायकांची पोरं मोठेपणी कशी वागतात, याचा अभ्यास करायला आता कॉलेजची माणसं आली होती. शाळेत फॉर्म वाटले होते. त्यावर आईबापांची सही हवी होती.

"औषध हुतं गं ते," सुमित्रा म्हणाली. "आपल्यात औषधच म्हणत्यात की. औषधाला कोण भिणार?" मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "मला तर त्या वासाचं डोहाळं लागलं हुतं. भाकरी नको वाटायची, पर इमान डोक्यावरनं गेलं की मी बांधावर जाऊन बसायची."

 फवारणीच्या दिवशी विनीताचेही पाय बांधाकडं वळायचे. तो वास ती ऊर भरून घ्यायची आणि कुणाला सांगायची नाही. मग वास आवडणारी ही कोण? स्टूल फेकणारी कोण?

राजाराम जेवायला आला, तेव्हा फॉर्म ताटाशेजारी होता. त्यानं वाचला, घडी घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाला. कागदावर नाव चढलं की पोरगी बिघडलेली म्हणून शिक्का बसंल, सोयरीक कोण करील? सुमित्राचं निराळंच. डोळे पुसत ती एवढंच म्हणाली, "लोक म्हणतील, आईनंच पोटातल्या लेकराला इख पाजलं."

दोघांची नजर विनीताच्या हातांवर गेली. त्या हातांना दोघं भीत होते, हे तिला त्या घटकेला कळलं. तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

"विमानामुळंच झालं, असं कुणीच म्हणत नाहीये," ती म्हणाली. "कॉलेजच्या माणसांनाही माहीत नाही, म्हणून तर विचारतायत. कदाचित मी अशीच असेन. पण मला रोज स्वतःची भीती वाटते, आई. तुझी नाही वाटत. येत्या सोमवारी मी त्यांना भेटणार. सही केलीत तर फॉर्म देईन, नाही केलीत तर रिकाम्या हातानं जाऊन सगळं सांगेन. स्टूलचं, आणि तुझ्या डोहाळ्यांचंही. आय हॅव डिसायडेड, बाबा."