काम नसतानाची भेट

खाडीच्या अलीकडच्या गावाचा देव आणि पलीकडच्या गावाची देवी ही बहीणभावंडं. वर्षातून एकदा बहीण होडीत बसून भावाला भेटायला येते. लुगडी नेसवलेले देवीचे तरंग, म्हणजे तिच्या उंच देवकाठ्या, होडीत उभे राहतात, ढोल घुमतो, आणि अलीकडचा मानकरी विठोबा नारळ घेऊन काठावर वाट बघतो. २००६ साली मात्र ही भेट मोडायचीच पाळी आली होती. रापणीची जाळी कुणी कुठे ओढायची यावरून दोन्ही गावांत बाचाबाची झाली होती.

"यंदा नको ती भेट," अलीकडचे तरणे म्हणाले. "आमका त्येंच्याकडे काय काम आसा?"

"काम नाय म्हणानच येवंदेत," विठोबा म्हणाला. "कामाक येता तो मागणारो. बिनकामाचो येता तो सोयरो."

त्याचा शब्द गावाने मानला, पण कुरकुरत.

भेटीच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी फोन आला. त्याचा मुलगा सुदेश मालवाहू जहाजावर खलाशी होता. ते जहाज जपानजवळ वादळात बुडालं होतं. बाकीचे सापडले, सुदेश आणि त्याचा एक सोबती सापडले नव्हते. दिल्लीहून बोलणारा सरकारी अधिकारी मराठी होता.

"काका, जपानच्या तटरक्षकांच्या बोटी शोधतायत. त्यांच्या नेमाप्रमाणे आज संध्याकाळी शोध थांबायचा. आम्ही आणखी वेळ मागितलाय."

"देतील काय ते?"

"काही वर्षांमागे त्यांचं चाच्यांनी लुटलेलं जहाज आपल्या तटरक्षकांनी समुद्रात गाठून सोडवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या बोटी आपल्याकडे येतात, आपल्या तिकडे जातात, एकत्र सराव करतात. निवडणुका त्यांच्याकडेही होतात, आपल्याकडेही. माणसं बदलतात, रिवाज टिकलाय. तिकडच्या माणसाला मी नावाने हाक मारू शकतो. मारलीय."

"काम नसतानाही जातात?"

"काम नसतानाच, काका."

विठोबाने फोन ठेवला. चुलीशी बसलेल्या चंद्रावतीने, त्याच्या बायकोने, नुसतं वर बघितलं.

"शोधाक येळ मागतत ते आमच्यासाठी," तो म्हणाला. "थंयचे तेंच्या वळखीचे आसत गो."

तिने भात वाढला. दोघांनीही तो तसाच ठेवला.

सुदेशची बातमी रात्रीच दोन्ही गावांत पोचली होती. सकाळी होडी लागली. विठोबा नारळ घेऊन पुढे झाला. कुणाची गाय, कुणाचं लग्न, कुणाचे डोळे. गावातल्या प्रत्येकासाठी त्याने आजवर नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. आज तोंड उघडलं, शब्द फुटेना. ढोल थांबला. माणसं खाली बघू लागली.

तेव्हा पलीकडचा मानकरी बाबू होडीतून उतरला. रापणीच्या भांडणात सगळ्यात मोठा आवाज याचाच. त्याने विठोबाच्या हातातला नारळ हळूच काढून घेतला.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या देवा, ह्या आमच्या विठोबाचो झील दर्यात आसा. तो दर्यो तुझो न्हय, आमका ठावक आसा. थंय जेची सत्ता आसा, तेच्याकडे तू जा. हुकूम करू नको, सोयरो म्हणान जा. आणि सांग, पोराक हात देवा."

"व्हय म्हाराजा," दोन्ही गाव एका आवाजात म्हणाले.

बाबूने नारळ परत त्याच्या हातात दिला. "रापणीचा मगे बघू," तो पुटपुटला. "त्यात तुका सोडूचंय नाय."

"सोडू नको," विठोबा म्हणाला. इतकं मात्र त्याला बोलता आलं.

दुपारी फोन वाजला. जपान्यांनी शोध थांबवला नव्हता. पहाटे तराफा दिसला. दोघंही जिवंत होते.

विठोबाने तराफा शोधणाऱ्या बोटीच्या मुख्य माणसाचं नाव विचारून घेतलं. मोरिता. त्याच्या जिभेवर ते बसेना. चंद्रावतीने त्याच्याआधी पाठ केलं आणि डोळे पुसत त्याच्याकडून घोकून घेतलं.

पुढच्या वर्षी पुन्हा होडी आली. विठोबाने बारा गावच्या देवांची नावं घेतली, आणि शेवटी म्हणाला, "दर्यापलीकडच्या मोरिताच्या गावच्या देवा, तुझी याद केली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाबू कानाशी लागला. "काय मागलंस रे तेच्याकडे?"

"काय नाय."

"आणि तेका मालवणी समाजता?"

"तुका समाजता मा? मगे तेकाय समाजतला."

मागे सुदेश हसला, आणि होडी काठाला ओढायला गुडघाभर पाण्यात उतरला.