धोंडीरामांनी परतवलेलं पाणी

"पाणी तरी घ्या की, पाव्हणं," रामहरी तिसऱ्यांदा म्हणाला. धोंडीरामांनी तांब्या पुन्हा बाजूला सारला.

नातू सुरजसाठी मुलगी पाहायला ते केजहून माजलगावकडच्या या वस्तीवर आले होते. रामहरीची उज्ज्वला सगळ्यांना पसंत होती, धोंडीरामांना तर सगळ्यांत जास्त. पण पाहुण्यानं मुलीच्या घरचं पाणी नाकारलं म्हणजे सोयरीक नाकारली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

धोंडीरामांना कळत नव्हतं असं थोडंच? पंचवीस लग्नं जमवलेला माणूस तो. पण दोन वर्षांपासून लघवीनं त्यांचा पिच्छा पुरवला होता. घाई अशी की धोतर सावरायला सवड नाही, आणि जाऊन बसावं तर थेंबथेंब. म्हणून गावाला जायचं म्हटलं की सकाळपासून ते घोटभर पाणी तोंडात घेत नसत. जीपमध्ये ते खपून गेलं. इथं अंगाशी आलं.

रामहरी उठून उभा राहिला. पोरीत काय खोट दिसली ते तोंडावर सांगा, म्हणाला. सुरजचा चेहरा पार उतरला. आपल्या लाजेपायी पोराचं जमलेलं मोडतंय, हे धोंडीरामांना सोसवेना. जन्मभर सरळ बोलून मोकळे होणारे आपण, आजच कसली भीड?

"खोट पोरीत न्हाई, माझ्यात हाय," ते खणखणीत बोलले. "लघवी तुंबती माझी. पाणी पेलो की घडीघडी उठावं लागतं. चारचौघांत लाज वाटती, म्हून पेत न्हाई."

कुणी हसलं नाही. मागं बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी तर माना खाली घातल्या. त्यांचंही तेच असावं. उज्ज्वला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नर्स होती. दाखवायला बसलेल्या मुलीनं बोलू नये, तरी ती बोलली. मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, वयानं ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. वाढली म्हणजे कॅन्सरच असं नाही, पुष्कळांना गोळ्यांनीच आराम पडतो. पण तपासून घ्यायला हवं, आणि पाणी तोडणं हा काही त्यावरचा इलाज नव्हे.

"लघवी साफ बंद पडस्तोवर थांबू नका, आजोबा," ती म्हणाली. "सोमवारी या. मी हाय तिथं."

धोंडीरामांनी तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत रिकामा केला. रामहरीनं हात जोडले. पोहे झाले, चहा झाला, तारीख काढायला पंचांग उघडलं, तेवढ्यात धोंडीराम उठले. थांबा जरा, म्हणाले, आणि भर बैठकीतून ताठ चालत न्हाणीकडं गेले.

तिथं नेहमीइतकाच वेळ लागला. बाहेर सगळे त्यांच्यासाठी थांबले होते. त्यांनी घाई केली नाही.