दाराजवळची खुर्ची

जानेवारीचा पहिला रविवार नोएलीनच्या शेडमध्ये घालवायचा, हा आम्हा चौघांचा बारा वर्षांचा नेम. जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, त्यामुळे लॉन्सेस्टनमधली शहाणी माणसं त्या दिवशी समुद्रावर जातात. आम्ही तापलेल्या पत्र्याखाली बसतो आणि त्या वर्षी कुठला खेळ पुरा करायचा ते ठरवतो. खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याची माहिती कागदावर लिहायची, फासे टाकायचे आणि दोन तास तेच होऊन बोलायचं. असे खेळ आम्ही हौसेने रचतो. पोटासाठी मी रस्त्यावर रोलर चालवतो.

वर्षाला एकच खेळ. ईस्टरला होबार्टच्या मेळाव्यात त्याची पुस्तिका मांडायची. पण त्याआधी त्याला मुकं टेबल पार करावं लागतं. बाकीच्यांनी फक्त पुस्तिका वाचून खेळायचं आणि खेळ रचणाऱ्याने दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसायचं. त्याने तोंड उघडलं की खेळ पुढच्या जानेवारीपर्यंत बाद. नियम नोएलीनचा. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली म्हणतात. आम्हाला ती निवृत्त झाल्यासारखं कधी जाणवलं नाही.

यंदा त्या खुर्चीत अ‍ॅव्हरिल होती. वय एकाहत्तर, मे महिन्यात कायमची पर्थला मुलीकडे निघालेली. पुढचा जानेवारी तिच्यासाठी नव्हताच. तिच्या दीपगृहाच्या खेळावर तिने आठ वर्षं घालवली होती आणि बाहेरच्या माणसांना घेऊन केलेली त्यातली एकही फेरी माझ्याशिवाय झाली नव्हती. त्यामुळे आज खेळ पार पडावा असं तिच्याइतकंच मलाही वाटत होतं. कदाचित जास्तच.

नोएलीनने स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ दोन तासांवर लावलं. तिच्या शेजारी टाविटा, इस्पितळात नर्स असलेला धिप्पाड सामोअन गडी. अ‍ॅव्हरिलचा खेळ पडला तर नंबर त्याच्या खेळाचा होता, पण बिचारा तोंडावर काही दाखवत नव्हता. सॉसेज रोल खात त्याने पुस्तिका उघडली; हा खेळ तो आणि नोएलीन आज पहिल्यांदाच खेळत होते.

सुरुवात बरी झाली. आम्ही तिघं बेटावरचे दिवेवाले, बाहेर वादळ, टाकीत थोडंसं तेल. पहिला फासा कुणी टाकायचा यावर दोघं अडले तेव्हा मी म्हणालो, सगळ्यात लहान दिवेवाल्याने. पुढे फाशावर एक पडला आणि मी म्हणालो, धुकं उतरलं. खेळ चालू राहिला. शेजारच्या रेडिओवर क्रिकेट चाललं होतं, टाविटा खुशीत होता, आणि मला वाटलं जमतंय.

तासाभराने तेल संपलं. जहाज खडकांपासून हाकेच्या अंतरावर. नोएलीनने पुस्तिकेतलं वाक्य मोठ्याने वाचलं, "तेल संपलं की दिवा विझतो." मग पान उलटलं, परत मागे आली.

"पुढे काय?" टाविटाने विचारलं.

"पुढे काही नाही. दिवा विझतो. जहाज बुडतं. संपलं."

 पण संपत नाही. खरा खेळ तिथेच सुरू होतो. तेल संपल्यावर दिवेवाला स्वतःच्या कागदावरची एक ओळ खोडतो. बायकोचं नाव, आईचं गाणं, जे काही त्याने सुरुवातीला जीव लावून लिहिलेलं असतं ते जाळतो, आणि दिवा आणखी एक फेरी जळतो. मी मोठी माणसं त्या जागी रडताना पाहिली आहेत. आठ वर्षं अ‍ॅव्हरिल ते दर वेळी तोंडाने सांगत आली होती. लिहायचं राहून गेलं होतं.

मी दाराकडे पाहिलं. ती पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट दाबलेले. तिलाही आत्ताच कळलं होतं.

मी खोडरबर उचललं. माझ्या कागदावर 'भावाचं शेवटचं पत्र' अशी ओळ होती. ती खोडली. "मी पत्र जाळतो," मी म्हणालो. "दिवा चालू."

टाविटा एकदम सावरून बसला. "भारीच आहे हे. कुठे लिहिलंय?"

"पान एकोणीस," मी म्हणालो. इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

नोएलीन चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मग ती पानं उलटायला लागली, मुद्दाम सावकाश. चौदा. पंधरा. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. ती शोधून शोधून सोडून देईल, म्हातारपणी अक्षर बारीक दिसतं, असली काहीतरी आशा मी धरून होतो. सतरा.

"एकोणीसवर जहाजांची यादी आहे," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

 नोएलीनने घड्याळ बंद केलं. टाविटा पुटपुटला की आंटी, आम्ही ऐकलंच नाही समजा. अ‍ॅव्हरिलने मान हलवली आणि उठून टेबलापाशी आली.

"आज किती वेळा, लीथ?"

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "तीनदा. पहिला फासा, धुकं आणि हे."

"आणि या आठ वर्षांत?"

 दर फेरीला मी तिथे होतो. जिथे जिथे पुस्तिकेत भोक होतं तिथे मी बोळा कोंबत आलो होतो, आणि तिला वाटत राहिलं होतं की पुस्तिका पूर्ण आहे. मी मदत करत होतो अशी माझी समजूत होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मला सांगायला हवं होतंस रे," ती म्हणाली. आवाज चढला नाही, त्यानेच जास्त लागलं.

नोएलीनने यंदाचा खेळ नोंदवायच्या कार्डावर टाविटाच्या खेळाचं नाव लिहिलं. त्याने आभार मानले नाहीत. बशीकडे बघत बसला. अ‍ॅव्हरिलने पुस्तिका उचलली, तिची कड अंगठ्याने सरळ केली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हा खेळ तू पुन्हा खेळायचा नाहीस. कधीच."

मी मान डोलावली. वर बघायची हिंमत नव्हती.

"तुझ्या डोक्यात जे आहे आणि यात नाही, ते सगळं लिहून काढ. मेच्या आत. पुढच्या जानेवारीत कुणीतरी अनोळखी खेळतील. मी फोनवर असेन, तोंड बंद ठेवून." तिने दाराकडे बोट दाखवलं. "आता ती तिथली खुर्ची आण इकडे. नाही, माझी नको. तिच्या शेजारी एक रिकामी आहे बघ. आत्ता तिच्यावर बसून लिही, आणि पुढच्या वर्षी तीच घेऊन दाराजवळ माझ्या जागी गप्प बस."

मी खुर्ची आणायला उठलो. दारापाशी पोचलो तरी डोळ्यांपुढचं धड दिसत नव्हतं.