टोल्यावरचं पब्लिश बटन

प्रणितनं पासवर्ड देल्ला तेव्हा एकच गोष्ट सांगतली, "शिरीन, लाल अक्षरात जे काई दिसन त्याले हात नको लावू." म्हणून म्या आधी लाल अक्षरंच दाबून पाहली. काई जळलं नाई.

वेबसाईट आमच्या दुकानाची. कुरखेड्यात बसस्टँडच्या मांगं जाहिदा खालाचं, म्हणजे माह्या मावशीचं, लोणच्याचं दुकान आहे. शाळा सोडली तवापासून मी तिथीच बसते. खाला म्हणे, "घरी बसून भांडण्यापेक्षा दुकानात बसून भांड." चंद्रपूरच्या प्रणितनं साईट बनवून देल्ली आन् सांगतलं का आता आतलं तुमचं तुमी भरा, मोबाईल चालवता येते तं हे बी येते.

बाहेरून साईट दुकानासारखी दिसते. आतून गोदाम आहे. डाव्या बाजूले काळी पट्टी, तिच्यावर पेज, मीडिया, युजर असं काई काई. पान लिहाचं, फोटो टाकाचा. ड्राफ्टमध्ये ठेवलं तं फक्त आपल्याले दिसते. निळं पब्लिश बटन दाबलं का साऱ्या दुनियेले. मले ड्राफ्टचंच लय नवल वाटे. पान आहे बी आन् नाई बी.

आमच्या लोणच्याचा आंबा वच्छलाबाईच्या टोल्यावरून, म्हणजे जंगलाकडच्या लहान वस्तीवरून, येते. जंगलातली झाडं, साऱ्या टोल्याची. बाई एक दिवस दुकानात आली तं मी आंब्याचंच पान भरत होती. तिनं स्क्रीनमध्ये तोंड घातलं.

"हे कोण पाहून राह्यलं?"

"तुमी आन् मी."

"आन् कोणीच नाई?"

"ड्राफ्ट आहे बाई. कोणाले नाई दिसत."

"देवाले दिसत असन," असं म्हणून ते हासली. मंग हासणं थांबवून म्हणे, "पोरी, पंडुम झाल्याशिवाय हे बाहेर काढजो नको."

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. टोल्यावर वारलूदादा गायता आहे, गावदेवाची पूजा थोच करते. त्यानं पहिला आंबा देवाले देल्ला का मंग बाकीच्यायचा नंबर. त्याच्या आधी कोणी नवा आंबा तोडत नाई, खात नाई, विकाचं तं नावच नाई.

"कधी आहे पंडुम?"

"बुधवारी."

ते गेल्यावर म्या पब्लिशच्या वरती जिथी 'आत्ता' लिहून होतं तिथी दाबलं. खाली कॅलेंडरच उघडलं! इतके दिवस मले दिसलंच नव्हतं. म्हणजे दिवस आन् टाईम भरून ठेवला तं मशीन आपल्या मनानं बटन दाबते, आपण झोपून असलो तरी. म्या गुरुवारची सकाळ भरली. वरती ठळक अक्षरात लिहलं, 'यंदाचा नवा आंबा, सगळ्यात आधी तुमच्या घरी!' आन् सोडून देल्लं.

गुरुवारी उठून पाह्यते तं पान बाहेर! चहा होईपर्यंत तीन ऑर्डरी. खालानं स्वतःच्या हातानं मले बिस्किटं देल्ली, हे काई रोजचं काम नाई.

दुपारच्या आधी वच्छलाबाई आली. डोक्यावर टोपली नाई, तोंडावर हासू नाई.

"पंडुम झालाच नाई," ते म्हणे. "मंगळवारी टोल्यावरचा एक म्हातारा गेला. सुतक लागलं, पंडुम पुढं गेला. आन् इकडं तुमी आंबा विकून राह्यले. माह्या भाच्यानं, धनराजनं, चंद्रपुरात मोबाईलवर पाहलं आन् फोन केला. वारलूदादा म्हणते, यंदा आंबा दुकानाले द्याचा नाई."

"माहा काय कसूर?" मी ओरडली. "दिवस तुमीच देल्ला!"

"देल्ला होता. दिवस सरकते, पोरी. तुह्या मशीनले सरकता येत नाई तं म्या काय करू?"

खाला माह्याकडं फिरली. "आंबा नाई तं लोणचं कायचं टाकू? तुह्या डोक्याचं?"

म्या लॅपटॉप पिशवीत कोंबला, बाईले स्कूटीवर मांगं बसवलं आन् टोल्याकडं निंगाली. साऱ्या रस्त्यानं भांडण. "हळू चालव." "हळूच आहे." "गड्ड्यात घातली." "गड्डाच मधात आला."

वारलूदादा मोहाच्या झाडाखाली दोरी वळत होता. मले वाटलं आता झाडते. त्यानं दोरी बाजूले ठेवली आन् म्हणे, "दाखव, काय आहे थे." टोल्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिघंबी तिथी गेलो. म्या मोबाईलचं नेट जोडून पान उघडलं.

"मले दिसत नाई बारीक. वाच."

"यंदाचा नवा आंबा, सगळ्यात आधी..." मी वाचाले लागली.

"सगळ्यात आधी कोणाले?"

"तुमच्या घरी."

"माह्या घरी?"

"नाई. जो विकत घेईन त्याच्या."

 थो रागावला असता तं बरं झालं असतं, मी बी काई उलटून बोलली असती. म्या थे वाक्य खोडलं, पान परत ड्राफ्टमध्ये टाकलं.

"गेलं," म्या म्हटलं.

"खरंच गेलं?"

हो म्हणता आलं असतं. पण आत काय काय राह्यते थे म्या पाहून ठेवलं होतं. "बाहेरून गेलं. आत जुनं सारं राह्यते." म्या त्याले उघडून दाखवलं. कालचं पान, परवाचं पान, कुठी काय खोडलं, कुठी काय जोडलं.

थो स्क्रीनवर पार वाकला. "कोणी बदललं थे बी लिहून आहे?"

"हो. साऱ्याईवर माहंच नाव."

"हे बरं आहे," थो म्हणे. "कोणाले नाई म्हणता येत नाई." मंग म्हणे, "आन् ज्यायनं आंबा मागतला, त्यायच्या ध्यानातून कसं खोडशीन?"

ऑर्डर देणाऱ्या तिघाईले फोन लावले, स्पीकरवर. नागपूरची बाई 'ठीक आहे' म्हणाली. दुसरा म्हणे, "माल नसतो तर साईट कशाला काढता, फालतू लोक!" माह्या तोंडात आलंच होतं, वच्छलाबाईनं माह्या हाताले चिमटा घेतला. तिसरा पुण्याचा.

"मग आंबा कधी मिळेल?"

"आधी देव खाईन, मंग."

"हो, पण नक्की तारीख?"

वारलूदादानं मोबाईल आपल्याकडं ओढला. "भाऊ, आमाले बी नाई माहीत जी."

तिकडून थो माणूस हासला. "बरं. थांबतो मी."

वारलूदादानं मोबाईल परत देल्ला. "आंबा कुठी आहे आत्ता?"

"झाडावर."

"एक बी तुटला नाई. मंग विकल्या गेला नाई, नुसती बोली झाली आन् तुवं थे मांगं घेतली." मंग म्हणे, "आंबा देऊ. पण थे बटन दुकानात राहाचं नाई."

बटन कुठी ठेवता येते? मले युजरची यादी आठवली. कोणाले काय करता येते थे तिथी ठरते. एक एडिटर, त्याले सारं पब्लिश करता येते. एक कॉन्ट्रिब्युटर, त्याले लिहता येते पण पब्लिश करता येत नाई. इतक्या दिवसापासून मी विचार करून राह्यली होती का असं बिनबटनाचं कोण बनत असन. वच्छलाबाईले तिच्या मोबाईलवर एडिटर केलं. स्वतःले मले कॉन्ट्रिब्युटरवर खाली टाकता येईना, म्हणून प्रणितले फोन केला.

"बह्याड आहेस का? साईट तू चालवतेस न?"

"लिहीन मीच. दाबन बाई."

"काऊन पण?"

"तुले इथी यावं लागन, तवा समजन. कर नं बा चूपचाप."

दुकानात येऊन पाहलं तं माह्या निळ्या बटनावरचे शब्द बदलले होते. 'तपासणीसाठी पाठवा.' म्या पाठवलं. मंग रोज सकाळी उघडून पाहे. पान तिथंच. खाला विचारे, "दिवस कधीचा?" मी म्हणे, "नाई माहीत." हे बोलाले मले लय जड जाय.

एक दिवस दुपारी बाईचा फोन. वारा जोरात वाजत होता, म्हणजे टाकीपाशी होती.

"झाला पंडुम. आता कोणतं दाबू?"

"निळं."

"दाबलं. आता काय होते?"

"आता लोकं पाहतीन."

"कोण पाहून राह्यलं? सांग न."

किती जण पाहून राह्यले थे साईटच्या कोपऱ्यात दिसते. तिथी एक होतं. थो एक मीच होती, पान उघडून बसलेली.

"एक जण आहे, बाई."

"कोण आहे थो?"

"आहे कोणीतरी इथलंच."

"थांबते मंग मी. आणखी कोणी आलं तं सांग."

दोघीईनं बी फोन कानालेच लावून ठेवला. तिकडं वारा, इकडं बसस्टँडचा हॉर्न. मंग एकाचे दोन झाले, आन् थो दुसरा कोण होता थे मले खरंच नाई माहीत.