गोळी कातरणारा अडकित्ता

माझं तोंड सुपारी कातरायला उघडतं. आज ते बोलायला उघडलंय, तर मधे थांबवू नका. मी अडकित्ता. गुमान पडून राहणं मला जमत नाही. हात लागला की माझे दोन्ही पाय वळवळायला लागतात, आणि तीच खोड नडली.

धामणगाव रेल्वे या गावच्या एका लोहारानं मला ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलं. अकोल्याच्या जुन्या शहरातली जाईबाई तिथल्या बाजारात आली, नखावर माझी धार पाहिली आणि मला कमरेच्या चंचीत टाकलं. त्याला पंधरा वर्षं झाली. पान, सुपारी, चुना आणि मी, असा आमचा संसार.

जाईबाई तोंडाची तिखट, पण गल्लीत तिचा शब्द चालतो. कोणाचं पोट दुखो की कोणाच्या बकरीला हगवण लागो, माणसं आधी तिच्या दारात. आणि माणसांची एक रीत मी पाहिली आहे. उरलेली गोळी कोणी फेकत नाही. डब्यात घालून ठेवतात, लोणच्यासारखी. मुरली की गुणाची होते, असं वाटतं की काय, कोण जाणे.

जाईबाईच्या भुऱ्या कुत्र्याला दिवाळीनंतर गोचिडांचा ताप आला. जनावरांच्या दवाखान्यातल्या पौर्णिमा डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि डॉक्सी नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. अठ्ठावीस दिवस, एकही दिवस चुकवायचा नाही, खाण्यासोबतच द्यायची, असं दोनदा बजावलं. जाईबाई भाकरीच्या ओल्या घासात गोळी दडवायची, भुऱ्या गपकन गिळायचा. नवव्या दिवशी तो डुकरामागं धावला. झाला चांगला, म्हणून जाईबाईनं उरलेल्या गोळ्या डब्यात टाकल्या.

शेजारी माणिकबाई राहते. लेकरं परगावी, घरात एकटी. सोबतीला कापशी, पांढरी मांजर. महिना उलटला आणि कापशीचे डोळे चिकटले, शिंका सुरू झाल्या. माणिकबाई तिला पदरात गुंडाळून आली. माझ्या घरात बोलायला हे एकच तोंड आहे, काहीतरी कर, म्हणाली.

डबा उघडला. मांजर कुत्र्याच्या चौथाईएवढी, म्हणून गोळीचे चार तुकडे. झाला वैद्याचा विचार! माझ्या पात्याला सकाळची सुपारी चिकटली होती, ती पुसायचीही कोणाला सवड नव्हती. मी कट् केलं. एक तुकडा मोठा, एक बारका, बाकी भुकटी. मला बारीक कातरता येतं हो, सारखं कातरता येत नाही.

कापशी काही भुऱ्या नव्हे. घास चाटायची आणि गोळी तेवढी बाजूला काढायची. मग जाईबाईनं तिचा जबडा उघडून तुकडा कोरडाच जिभेच्या मुळाशी ढकलला. वरून पाण्याचा थेंब नाही. असं तीन दिवस.

चौथ्या दिवशी कापशीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मान लांब करून घोट उतरवायला पाहायची, उतरायचा नाही. मासळी नाकाशी धरली तर तोंड फिरवलं. माणिकबाई म्हणाली, आणखी एक तुकडा देऊन पाहा.

जाईबाईनं गोळी माझ्यात धरली. तेवढ्यात तिची नजर त्या ताणलेल्या मानेकडं गेली आणि हात थांबला. मांजर बाजाराच्या थैलीत घातली, ऑटो केला, दोघी निघाल्या. मी चंचीत होतोच, म्हणून पुढचं माझ्या कानावर पडलं.

डॉक्टरबाईंनी गळा चाचपला. "इले गोळी कोणं देल्ली?"

जाईबाईनं मला काढून टेबलावर आपटलं. "म्यानं देल्ली. यानं कातरून. कुत्र्याची होती."

"वरून पाणी पाजलं?"

"मांजरीले कोण पाणी पाजते?"

मग डॉक्टरबाईंनी सांगितलं ते मी विसरणार नाही. ही गोळी मांजरीच्या अन्ननळीत अडकली की तिथंच जाळते, आणि जळलेली नळी पुढं आवळतही जाते. म्हणून गोळीमागून बिनसुईच्या पिचकारीनं पाणी द्यावं, नाहीतर खाऊ घालावं. शिंका तर पुष्कळदा अशा गोळीविनाही बऱ्या होतात. भुऱ्याची दवाई अर्ध्यात सोडली हे कळल्यावर त्या जास्तच चिडल्या. वरून बरा दिसतो, पण ताप अंगात दबा धरून असू शकतो, त्यालाही आणा, म्हणाल्या.

"मावशी, वजन नाही, तपासणी नाही, अंदाजानं दवाई? सुपारी हाय का ते?"

जाईबाईनं कापशीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "जगंन का?"

"गिळत राहिली तं जगंन."

आज एकोणीस दिवस झाले. भुऱ्याचं रक्त पुन्हा तपासलं, त्याच्या गोळ्या नव्यानं सुरू आहेत. परवा गल्लीतले उत्तमराव स्वतःच्या औषधातली उरलेली गोळी घेऊन आले, कुत्र्याच्या पिल्लासाठी दोन तुकडे करून दे म्हणाले. जाईबाईनं त्यांना असं झाडलं की चार घरं ऐकत होती. पिल्लू उचल अन् दवाखान्यात चाल, नाहीतर तुलेच थैलीत घालून नेईन, म्हणाली.

घरोघरच्या बायांनो, बाप्यांनो, एक लोखंडी जीव हात जोडतो. मला धार आहे, अक्कल नाही. एकाची दवाई दुसऱ्याच्या तोंडात घालायला मला उघडू नका. डॉक्टरनं जेवढे दिवस सांगितले तेवढे द्या, आणि जनावर बिघडलं तर लाज सोडून खरं सांगा.

माणिकबाई अजून जाईबाईशी बोलत नाही. दार मात्र उघडते. रोज दुपारी जाईबाई बिनमिठाचं, कोंबडीचं उकळलेलं पाणी निववून वाटीत नेते. कापशी चाटते, मग मान ताणून थांबते. दोघी बाया तिच्या गळ्याकडं पाहतात. तो घोट खाली उतरेस्तोवर चंचीत मलाही चैन पडत नाही.