वहिनींची झडती

आमच्या वहिनी धक्क्यावरच्या तपासणीच्या खोलीत उभ्या राहिल्या की भल्याभल्यांना घाम फुटतो. समोरच्या बेटावरचे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि कशालाच भीत नाहीत. एखादी गाभण उंदरीण किंवा बाहेरचं गवताचं बी तिथे पोचलं, तर त्यांचा निकाल लागला म्हणून समजा. त्यामुळे बोटीत चढणाऱ्या प्रत्येकाची पिशवी पांढऱ्या टेबलावर उलटी होते आणि बुटांचे तळ ब्रशने घासले जातात. सामानात काही सापडलं, की त्या माणसाची फेरी रद्द. नियम वहिनींचाच. बोट माझी, पण त्यांच्यापुढे माझंही काही चालत नाही. एकदा डब्यातल्या टोमॅटोवरून त्यांनी मला घरी पाठवलं होतं, सख्ख्या दिराला!

त्या दिवशी बेटावर हॉटेल काढायला निघालेले साहेब आले होते. जागा बघून बांधकामाच्या अटी ठरायच्या होत्या. वहिनीही येणार होत्या, पहिल्यांदाच. इतकी वर्षं शास्त्रज्ञ गेले, फोटोवाले गेले. तपासायला कुणीतरी इकडे हवं म्हणून ह्या मागे राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली होती, समुद्रापासून लांब. आज नाही तर कधीच नाही.

साहेबांनी बूट काढताना तोंड वाकडं केलं. "बाई, मी काय बुटातून जंगल नेतोय?"

"नेत नसाल तर लवकर सुटाल," वहिनी म्हणाल्या. मग स्वतःची पिशवी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "भावजी, आता माझी. लाजू नका."

मी आपला वरवर बघत होतो. स्वेटर उलटा केला आणि बाहीच्या शिवणीत कुसळं दिसली. दादाचा प्रताप! बायको बेटावर निघाली म्हणून त्याने मोठ्या हौसेने स्वेटर धुतला, आणि वाळत घातला तो अंगणातल्या गवतावर. मी कुसळं उपटून मूठ मिटली. साहेब लेस बांधण्यात गुंतले होते. खरं सांगतो, मी ती गिळलीसुद्धा असती.

"काय सापडलं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही."

"भावजी, मोठ्याने सांगा."

"अहो वहिनी, काढून टाकलं की झालं!"

"उद्या साहेबांचा मुकादमही हेच म्हणेल."

मी मूठ उघडली. शेवटी म्हणालो, "कुसळं. स्वेटरमध्ये."

त्यांनी ती चिमट्याने बाटलीत टाकली, अंगातलं लाइफ जॅकेट काढून खुंटीला अडकवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला दादाचा, गवताचा, त्यांचाही भयंकर राग आला. आणि अभिमान तर इतका वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. साहेबांनी बांधलेली लेस सोडली आणि बूट परत टेबलावर ठेवले. "बुटाच्या जिभेखाली ब्रश फिरवायचा राहिलाय," ते हळूच म्हणाले.

बेटावर उतरलो, तर एक तपकिरी पक्षी डुलत डुलत आला आणि खुशाल माझ्या बुटावर बसला. मी वायरलेस उचलला. "वहिनी, बुटावर बसलाय हो!"

खरखरीतून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग हलू नका. तो उठेपर्यंत तसेच उभे राहा. साहेबांनाही सांगा."

साहेब केव्हाचेच थिजून उभे होते. "वायरलेस हळूच इकडे द्या," ते कुजबुजले. "अटी बाईंनाच विचारतो."

वहिनी सांगू लागल्या. पक्ष्याला उठायची घाई नव्हती, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.